केशकर्तनापलीकडचा नाभिक व्यवसाय

ग्रामीण विकासाच्या चर्चेत शेती, दुग्धव्यवसाय आणि लघुउद्योग यांचा विचार अगत्याने केला जातो. गावाला सेवा देणाऱ्या कारागिरांचा विचार मात्र तितक्या तपशिलाने होत नाही. नाभिक हा अशा कारागिरांपैकीच एक होय. गावातील बहुतेक पुरुषांशी त्याचा नियमित संबंध येतो. तरीही त्याचे उत्पन्न एका ठरावीक मर्यादेपुढे सरकत नाही. ही मर्यादा कशामुळे पडते आणि ती कशी ओलांडता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

बलुत्याकडून दुकानाकडे

बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेत न्हाव्याचे काम केवळ हजामतीपुरते नव्हते. अंगमर्दन करणे, लग्नकार्याची आमंत्रणे पोहोचविणे, जावळापासून दशक्रियेपर्यंतच्या विधींना हजर राहणे, प्रसंगी गळू फोडून पट्टी बांधणे अशी अनेक कामे त्याच्याकडे असत. या सेवेचा मोबदला सुगीच्या दिवसांत धान्याच्या रूपाने मिळे. पुढे रोखीचा व्यवहार वाढला आणि धोकटी घेऊन घरोघर फिरणारा नाभिक दुकानात स्थिरावला. जन्माने लादलेल्या सेवेतून त्याची सुटका झाली, हे इष्टच झाले. परंतु त्याबरोबर व्यवसायाचा विस्तारही आकसला आणि दाढी व केशकर्तन एवढीच त्याची ओळख उरली. आज गरज आहे ती बलुत्याच्या पुनरुज्जीवनाची नव्हे, तर योग्य मोबदला मिळवून देणाऱ्या बहुविध कौशल्यांची.

उत्पन्नाची मर्यादा

उदाहरणादाखल एक साधा हिशेब पाहू. एखाद्या गावात ५०० प्रौढ पुरुष आहेत, प्रत्येक जण महिन्यातून एकदा केस कापतो आणि गावात दोन दुकाने आहेत, असे समजू. म्हणजे प्रत्येक दुकानाच्या वाट्याला महिन्याला २५० ग्राहक येतात. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले, तर दिवसाला नऊ ते दहा ग्राहक होतात. प्रत्येकास अर्धा तास लागला, तरी पाच तासांत काम संपते. दर ८० रुपये धरल्यास महिन्याची जमा २०,००० रुपये होते. त्यातून भाडे, वीज व साहित्य यांचा खर्च वजा जातो. श्रावणात अनेक जण केस-दाढी करीत नसल्याने ही जमा आणखी घटते.

दुकान अधिक वेळ उघडे ठेवल्याने गावातील डोकी वाढत नाहीत. याउलट, दर पाच ग्राहकांपैकी एकाने जरी १०० रुपयांची दुसरी एखादी सेवा घेतली, तर नवा ग्राहक न मिळविता महिन्याला ५,००० रुपयांची भर पडते. व्यवसायविस्ताराचे मर्म या हिशेबात आहे.

एकाच कामावर विसंबून राहण्यातील धोका कोरोनाच्या साथीत स्पष्ट झाला. मार्च २०२० पासून बंद असलेली केशकर्तनालये महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हाही दाढी करण्यास प्रारंभी मनाई होती. ज्याच्या हाती दुसरे काम नव्हते, त्याच्या कुटुंबाला या काळाची सर्वाधिक झळ बसली.

विस्ताराच्या दिशा

पहिली दिशा दुकानातील सेवांची. डोक्याची मालिश, चेहऱ्याची निगा, केस रंगविणे व नवरदेवाची सजावट ही कामे त्याच खुर्चीवर होऊ शकतात. मात्र प्रत्येक कामाचे स्वतंत्र ज्ञान हवे. केसांच्या कलपातील रसायनांची काहींना ॲलर्जी होते. म्हणून प्रथमच कलप लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून पाहणे आवश्यक असते. हे जाणणारा कारागीर ग्राहकाचा विश्वास संपादन करतो.

दुसरी दिशा घरपोच सेवेची. अंथरुणास खिळलेले रुग्ण, वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांना दुकानात येणे शक्य नसते. आठवड्यातील एखादी दुपार वेळ ठरवून अशा घरांसाठी राखून ठेवल्यास रिकामा वेळ सत्कारणी लागतो.

तिसरी दिशा कुटुंबातील स्त्रियांच्या सहभागाची. वधूची केशरचना व सजावट यांना लग्नसराईत मागणी असते. घरातील एखाद्या स्त्रीने हे कौशल्य घेतल्यास कुटुंबाला उत्पन्नाचे दुसरे साधन मिळते.

स्वच्छता आणि आरोग्य

सेवा वाढविण्यापूर्वी स्वच्छतेची हमी हवी. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी नवे पाते वापरणे हा नियम अपवादाविना पाळला पाहिजे. एकच तुरटी अनेकांच्या चेहऱ्यावर फिरविणेही धोक्याचे आहे. कात्रीसारखी धातूची साधने धुऊन २० मिनिटे उकळावीत, स्वच्छ टॉवेल वापरावा आणि वापरलेली पाती जाड डब्यात वेगळी साठवावीत.

दुकान हे आरोग्यसेवेचे सहायक केंद्रही होऊ शकते. याबाबत अमेरिकेतील एक प्रयोग बोधप्रद आहे. लॉस एंजेलिस परिसरातील ५२ केशकर्तनालयांत उच्च रक्तदाब असलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही दुकानांत नाभिकांनी ग्राहकांना केवळ सल्ला देऊन डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित औषधतज्ज्ञ स्वतः येऊन औषधोपचार करीत. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटात वरचा रक्तदाब सरासरी ९.३ ने, तर दुसऱ्या गटात २७ ने कमी झाला.

यातून घ्यावयाचा बोध असा, की नाभिकाने वैद्य होऊ नये. आरोग्यसेवेने त्याच्या दुकानापर्यंत यावे. उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी महिन्यातील एक दिवस दुकानात रक्तदाब तपासणीसाठी दिला, तर दवाखान्याची पायरी न चढणारे अनेक पुरुष तपासले जातील. मानेवर किंवा चेहऱ्यावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास नाभिकाने ग्राहकास खाजगीत सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सुचवावे. कुष्ठरोगाचे औषध तेथे मोफत मिळते आणि वेळीच उपचार झाल्यास विकृती टळते.

सर्वांसाठी उघडे दार

व्यवसायाचा विस्तार म्हणजे ग्राहकवर्गाचाही विस्तार. जातीच्या कारणावरून कोणासही सेवा नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ अन्वये गुन्हा आहे. एखाद्या गावात असा भेद पाळला जात असेल, तर त्याचे ओझे एकट्या नाभिकावर टाकून चालणार नाही. अनेकदा त्याच्यावर गावाचेच दडपण असते. ते दूर करणे हे पंचायतीचे कर्तव्य आहे. रूढीविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य या व्यवसायाने पूर्वीही दाखविले आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता.

प्रशिक्षण आणि भांडवल

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा समावेश आहे. या योजनेची आखणी २०२७-२८ पर्यंतची आहे. प्रशिक्षणकाळात प्रतिदिन ५०० रुपये विद्यावेतन, साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ मिळतो. अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. याखेरीज ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत मोफत निवासी प्रशिक्षण मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

कर्ज घेताना क्रम मात्र चुकू नये. आधी कौशल्य, मग साधने आणि शेवटी दुकानाची सजावट, हाच क्रम हिताचा आहे. नवी खुर्ची आणि मोठे आरसे ग्राहकाला एकदा आणतील. शिकलेला हात त्याला पुन्हा आणील.

आपला वाटा

विश्वकर्मा योजनेतील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. तेथे अर्ज पडून राहिला, तर पुढची सारी वाट अडते. सरपंचांनी अशा अर्जांचा नियमित आढावा घ्यावा. पंचायतीच्या गाळ्यांत कारागिरांना जागा, पाणी व वीज मिळेल असे पाहावे. शिक्षकांनी दहावीनंतरच्या मार्गदर्शनात या व्यवसायाचा उल्लेख संकोच न बाळगता करावा. तो एका जातीचा वारसा नसून कोणत्याही मुलामुलीस शिकता येणारे कौशल्य आहे, हे सांगावे. वडिलांचे दुकान सोडून शहराची वाट धरणाऱ्या तरुणाला गावातच सन्मानाचे उत्पन्न मिळू शकेल काय, याचे उत्तर केवळ त्याच्या कात्रीवर अवलंबून नाही. ते आपल्या तत्परतेवरही अवलंबून आहे.