युद्धवार्ता कशी वाचावी?

संपात मालक सांगतो, कारखाना चालू आहे. युनियन सांगते, बंद आहे. शहाणा माणूस चिमणीचा धूर पाहतो. युद्धाची बातमीही अशीच पारखावी.

१९६५ चे भारत-पाकिस्तान युद्ध घ्या. ६ सप्टेंबरला आपले जवान लाहोरजवळच्या डोगराई गावी पोहोचले. पण त्याच दिवशी त्यांना मागे यावे लागले. ते गाव पुन्हा घेतले २२ सप्टेंबरला, आणि २३ ला युद्धविराम झाला. म्हणजे ‘पोहोचले’ वेगळे आणि ‘ताब्यात राहिले’ वेगळे.

म्हणून रोज नकाशा उघडावा, बातमी कोणाची ते पाहावे, त्याच गावाचे नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधावे. जवानाच्या घरची माणसे आपल्या तोंडचा शब्द ऐकत असतात. तो पारखूनच उच्चारावा.