होमोलॉजी म्हणजे काय? मॅट्रिक्सच्या रँकवरून भोकं शोधायचं गणित

समजा, एका मोठ्या मैदानात शंभरेक सेन्सर टाकलेत. कुणातच जीपीएस नाही. प्रत्येक सेन्सरला फक्त इतकंच कळतं की आपल्या रेंजमध्ये दुसरं कोण कोण आहे. आता सांगा, मध्ये कुठे कव्हरेजचं भोक राहिलंय का? नकाशा नाही, अंतरं माहीत नाहीत.

तरीही उत्तर देता येतं. व्हिन डी सिल्वा आणि रॉबर्ट ग्रिस्ट या गणितज्ञांनी २००७ साली यावरच पेपर लिहिला, आणि त्यांचं हत्यार होतं होमोलॉजी. एम.एस्सी. मॅथ्सला अल्जेब्रिक टोपोलॉजीत हा विषय येतो. चेन कॉम्प्लेक्स, कोशंट ग्रुप असले शब्द बघून निम्मी पोरं तिथेच गार होतात. पण याचा गाभा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेली मॅट्रिक्सची रँक आहे. करूनच बघू.

तीन बिंदू घ्या: क, ख, ग. कडा तीन: क ते ख, ख ते ग, ग ते क. कडेची 'बाउंडरी' म्हणजे शेवटचा बिंदू वजा सुरुवातीचा. पहिल्या कडेची बाउंडरी ख वजा क. तिन्ही लिहून काढल्या की ३ बाय ३ ची मॅट्रिक्स तयार. तिची रँक २, कारण तिन्ही बाउंडरींची बेरीज शून्य होते. कडा ३, रँक २, उरला १. हा १ म्हणजे पूर्ण फेरा: निघालो तिथेच परत, म्हणून बाउंडरी शून्य. याला सायकल म्हणतात.

पण प्रत्येक सायकलच्या आत भोक असतंच असं नाही. त्रिकोणाला आतून कागद चिकटवा, पतंगाला असतो तसा. आता तोच फेरा भरलेल्या त्रिकोणाची बाउंडरी झाला. त्रिकोणांच्या मॅट्रिक्सची रँक १. १ वजा १ शून्य, भोक गेलं! फेरे मोजायचे आणि भरलेल्या भागाची बाउंडरी असलेले फेरे वजा करायचे, बस. उरलेला आकडा म्हणजे बेट्टी नंबर. (क्लाइन बॉटलवर असा एक फेरा असतो जो एकदा मारला तर भरत नाही, दोनदा मारला की भरतो. ते नुसत्या आकड्यात दिसत नाही, म्हणून पुढे ग्रुप लागतात.)

आता मैदानात परत. सेन्सर म्हणजे बिंदू. दोघं एकमेकांच्या रेंजमध्ये असले की कडा, तिघं असले की भरलेला त्रिकोण. कुंपणावरच्या सेन्सरचा मोठा फेरा आतल्या त्रिकोणांची बाउंडरी निघाला, तर आतलं सगळं मैदान झाकलेलं आहे. अट एकच महत्त्वाची: सेन्सिंगचा पल्ला संपर्काच्या पल्ल्याच्या साधारण ०.५८ पट तरी हवा, नाहीतर त्रिकोणाच्या मधोमध फट राहू शकते. आणि उलट खात्री मिळत नाही. गणिताला भोक दिसलं तरी जमिनीवर ते नसूही शकतं.

मग कोहोमोलॉजी? तीच मॅट्रिक्स, फक्त ट्रान्सपोज. बिंदूंना उंची द्या, कडेला मिळतो उंचीतला फरक. आता प्रश्न उलटा विचारा: कडांवर लिहिलेले आकडे खरंच कुठल्या उंचींचे फरक आहेत का? पोकळ त्रिकोणाच्या तिन्ही कडांवर '१ ने चढ' लिहा. एक फेरा मारला की ३ पायऱ्या चढून तुम्ही त्याच जागी! अशा उंची असूच शकत नाहीत. इंटरनेटवर दिसणारा तो कधीच न संपणारा पेनरोज जिना असाच. रॉजर पेनरोज यांनी १९९२ मध्ये अशक्य आकृत्यांचा कोहोमोलॉजीशी असलेला संबंध मांडला. त्रिकोण भरला की फेऱ्याची बेरीज शून्यच यावी लागते, आणि हा खेळ बंद.

हे नुसतं सिलॅबस वाढवायला नाही. डेटामधली भोकं शोधणारं रिप्सर हे सॉफ्टवेअर आतून कोहोमोलॉजीच चालवतं, कारण त्यात हिशोब बराच लवकर उरकतो.

शिकायचं असेल तर ॲलन हॅचर यांचं 'अल्जेब्रिक टोपोलॉजी' त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे. दुसरं प्रकरण होमोलॉजी, तिसरं कोहोमोलॉजी. त्याआधी वहीत एक चौकोन काढा, एक कर्ण टाका आणि दोनपैकी एकच त्रिकोण भरा. बिंदू ४, कडा ५. बेट्टी नंबर १ यायला हवा.