शाळूच्या पानाची पाठ आणि एक मिलिमीटरचा आटा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू उगवून आला की पहिल्या महिन्याभरातच त्याचं बरंचसं भवितव्य ठरून जातं. हुरड्याच्या दिवसांत पाहुणे येतात, भरली कणसं बघतात, फोटो काढतात. पण रोप बोटभर असताना त्याच्यावर काय गुदरलं, याची कणसावर काही नोंद नसते. त्या दिवसांतला खरा शत्रू म्हणजे खोडमाशी. शास्त्रीय नाव ॲथेरिगोना सोकाटा. घरमाशीहून लहान, करड्या रंगाची ही माशी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबट अंडं घालते. बहुधा एका पानावर एकच. अंड्याची लांबी साधारण एक मिलिमीटर. दोनेक दिवसांत अळी बाहेर पडते, पानावरून सरकत पोंग्यात शिरते आणि वाढीचा कोंबच कुरतडते. मधलं पान वाळतं, ओढलं की अलगद हातात येतं. यालाच आपण पोंगेमर म्हणतो.

अंडं घालायला माशी कोणतं पान पसंत करते, यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संस्था उभी राहिली आणि त्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या शास्त्रज्ञांनी ज्वारीच्या पानावरच्या सूक्ष्म केसांकडे लक्ष वेधलं. पानाच्या पाठीवर असे टोकदार केस दाट असले तर माशी तिथे कमी अंडी घालते, असं त्यांना दिसून आलं. पानाचा चकचकीतपणा, रोपाच्या वाढीचा वेग अशी आणखीही कारणं आहेत; केस म्हणजेच सगळं काही, असं कोणी म्हणत नाही. पण केस मोजता येतात. चकाकी डोळ्यांनी ठरवावी लागते, आणि दोन माणसांच्या डोळ्यांत फरक पडतो.

आपल्याकडे ‘मालदांडी’ म्हणतात ती एकच एक जात नव्हे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेली ३५-१ ही जात सगळ्यांना माहीत आहे. पण घरोघरी राखलेलं बियाणं मालदांडी या नावाखाली बरंच सरमिसळ असतं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही या मातीच्या आणि या दाण्याच्या नावावर. आता घरचं बियाणं निवडायची आपली रीत पाहा. काढणीच्या वेळी कणीस बघतात. भरलेलं, गोल, मोत्यासारख्या दाण्याचं कणीस बाजूला ठेवतात. म्हणजे निवड होते फेब्रुवारीत, आणि रोपाची खरी परीक्षा झालेली असते ऑक्टोबरात, पानाच्या पाठीवर, जिथे कोणी पाहत नाही. ती पाठ पाहायची कशी, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक कॅमेरा, एक जुनी लेन्स आणि फोकसिंग रेल नावाची एक सरकती पट्टी पुरते.

अडचण कुठे येते ते आधी सांगतो. फोटो काढताना फोकस करायचा तर लेन्सवरची रिंग फिरवायची, हे आपल्या हाताला पक्कं बसलेलं असतं. रिंग फिरवली की लेन्स थोडी पुढे-मागे जाते आणि समोरचा माणूस स्पष्ट होतो. पण वस्तूचं चित्र सेन्सरवर वस्तूएवढंच पडू लागलं, म्हणजे एकास एक झालं, की हा नियम कोलमडतो. ५० मिलिमीटरची साधी लेन्स घ्या. एकास एकला वस्तू लेन्सपासून १०० मिलिमीटरवर असते आणि सेन्सरही लेन्सपासून १०० मिलिमीटरवर. एकूण अंतर २००. या लेन्सनं स्पष्ट चित्र मिळण्यासाठी वस्तू आणि सेन्सर यांच्यात जे अंतर लागतं, त्यातलं हे सगळ्यांत कमी. आता रिंग फिरवून लेन्स वस्तूकडे २ मिलिमीटर सरकवा. लेन्सपासून सेन्सर १०२ मिलिमीटरवर गेला. गणित केलं तर वस्तू ९८.०८ मिलिमीटरवर असायला हवी. बेरीज २००.०८. म्हणजे लेन्स दोन मिलिमीटर हलली, चित्र चार टक्क्यांनी मोठं झालं, आणि फोकसची पातळी सरकली ती जेमतेम ०.०८ मिलिमीटर. माणूस रिंग फिरवत राहतो, चित्र फुगतं नि आक्रसतं, पण अंडं काही स्पष्ट होत नाही. एकास एकच्या पुढे गेलं तर रिंग चक्क उलटी वागते: लेन्स वस्तूकडे नेली की फोकसची पातळी कॅमेऱ्यापासून लांब जाते. (आतल्या आत भिंगं सरकवणाऱ्या नव्या लेन्सांचा हिशोब थोडा निराळा आहे, पण त्या लेन्सांची किंमतही निराळी आहे.)

यावर उपाय एकच. लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बांधून टाकायचं आणि अख्खा कॅमेराच पुढे-मागे सरकवायचा. फोकसिंग रेल हेच करते. खाली ट्रायपॉड, त्यावर रेल, रेलवर सरकणारी पाटी आणि पाटीवर कॅमेरा.

ही युक्ती नवी नाही. सतराव्या शतकात डेल्फ्ट गावातल्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्यानं जे सूक्ष्मदर्शक बनवले, त्यांत पितळी पत्र्यात बसवलेलं मण्याएवढं एकच भिंग होतं. भिंग जागेवर स्थिर, आणि पाहायची वस्तू एका सुईच्या टोकावर. ती सुई स्क्रूनं पुढे-मागे, वर-खाली सरकवायची. त्यानं वस्तू हलवली, आपण कॅमेरा हलवतो, तत्त्व एकच. लेवेनहूक विद्यापीठात शिकलेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हतं, आणि जीवाणू पहिल्यांदा पाहिले ते त्यानंच. आमच्यासारख्या घरी बसून शिकणाऱ्यांना तो जवळचा वाटतो याचं कारण वेगळं सांगायला नको.

रेल दोन प्रकारच्या मिळतात. स्वस्तातल्या रेलमध्ये दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं चाक असतं. नॉबचा एक फेरा मारला की कॅमेरा सेंटिमीटरच्या वर सरकतो. फुलासाठी, फुलपाखरासाठी ते चालतं. शाळूच्या पानावरच्या केसासाठी नाही. दुसऱ्या प्रकारात लांब आट्याचा स्क्रू असतो. माझ्याकडच्या रेलला एका फेऱ्यात एक मिलिमीटर चाल आहे. नॉबवर मी पुठ्ठ्याची एक चकती चिकटवली, कंपासनं तिचे वीस सारखे भाग केले आणि समोर सुईचं टोक बसवलं. एक खूण म्हणजे ०.०५ मिलिमीटर.

आट्यांत थोडी ढील असतेच. लेथवर काम करणारा माणूस त्याला ‘प्ले’ म्हणतो. नॉब उलटा फिरवला की पहिला थोडा फेरा वाया जातो: चकती फिरते, कॅमेरा जागचा हलत नाही. म्हणून नेहमी एकाच दिशेनं जायचं. चुकून पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा त्याच दिशेनं खुणेवर यायचं. रेल थोडी उताराला लावली तर कॅमेऱ्याच्या वजनानं प्ले एका बाजूला बसतो, हाही फायदा.

आता इतक्या बारीक चालीची गरज का, ते पाहू. मी २८ मिलिमीटरची जुनी लेन्स उलटी बसवतो; मागे ट्यूब जोडल्या की वस्तू सुमारे तिप्पट दिसते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे चौकटीत पानाचा जेमतेम आठ मिलिमीटरचा पट्टा मावतो. छिद्र ५.६ ठेवलं तर स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी भरते ०.१ मिलिमीटरच्या आसपास. छिद्र आणखी बारीक करून हा थर वाढवावा, असं कोणालाही वाटेल. पण तिप्पट मोठेपणाला ५.६चं छिद्र प्रत्यक्षात २२ असल्यासारखं वागतं. त्याहून बारीक केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि केसाचं टोक बोथट होतं. थर वाढतो, पण त्यातलं काहीच धड स्पष्ट राहत नाही. मग पातळ थर पत्करायचा आणि थरांवर थर घ्यायचे. पानाला मधली शीर असते, कडा वळलेल्या असतात. सगळं मिळून दोन मिलिमीटरची उंची-खोली धरली तर खुणेगणिक एक, असे चाळीस फोटो होतात.

कामाची रीत साधी आहे, पण सांभाळायच्या गोष्टी पुष्कळ. रानात उभं राहून हे जमत नाही. आमच्याकडचा वारा बोटभर रोपाला ०.१ मिलिमीटरच्या आत स्थिर ठेवील, ही आशा सोडावी. मी प्रत्येक रोपाचं ठरलेलं एक पान घेतो, त्याचा मधला तुकडा कापतो आणि काचपट्टीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं पाठ वर करून बसवतो. एक पान गेल्यानं रोप मरत नाही. पान दर वेळी तेच हवं, कारण एकाच रोपाच्या वेगवेगळ्या पानांवर केसांची दाटी वेगळी असते. तुकडा पाव तासात वळू लागतो, त्याच्या आत काम उरकायचं. कॅमेरा टायमरवर; नॉबला हात लावल्यावर तीन-चार सेकंद थांबायचं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तर तो फोटो पुन्हा. दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर धरायचा, नाहीतर चकचकीत पानावर प्रकाशाचे ठिपके पडतात आणि तेच केस वाटतात. दिवा बॅटरीवरचा असलेला बरा. विसाव्या फोटोला वीज गेली तर उरलेल्या वीस फोटोंचा उजेड पहिल्या वीसशी जुळत नाही.

पुढचं काम संगणकाचं. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर अशी सॉफ्टवेअरं चाळीस फोटोंमधला स्पष्ट भाग तेवढा उचलतात आणि एक चित्र तयार करतात. चित्र देखणं होतं. अंड्यावरच्या लांबट रेघा, त्याच्याभोवतीचं केसांचं रान, शिरेची चढण, सगळं एकदम लख्ख. छपाईला द्यायचं तर हेच द्यावं.

पण मोजायला हे चित्र घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दोन केस एकमेकांवरून गेले की सॉफ्टवेअरला वरचा कुठला नि खालचा कुठला हे नेहमी कळत नाही. कधी मागचा केस पुढच्याशी सांधला जातो, कधी एखादा पुसलाच जातो, कधी कडेला धूसर वलय उमटतं आणि माणूस ते केस म्हणून मोजतो. शिवाय कॅमेरा सरकला की चौकटीतली प्रत्येक वस्तू किंचित लहानमोठी दिसते; फोटो एकमेकांवर बसवण्यासाठी सॉफ्टवेअर त्यांना ताणतं किंवा आक्रसवतं. असं जोडचित्र पुरावा म्हणून मांडायचं तर मूळ चाळीस फोटो सोबत ठेवले पाहिजेत.

मूळ फोटोंमध्ये रेलचा एक गुण दडलेला आहे, आणि माझ्या लेखी रेलचं खरं मोल तिथे आहे. लेन्स-सेन्सरमधलं अंतर बांधलेलं असल्यामुळे प्रत्येक फोटोतली जी पातळी फोकसमध्ये आहे, ती एकाच मापाची असते. पहिल्या फोटोत स्पष्ट दिसणारा केस आणि चाळिसाव्यात स्पष्ट दिसणारा केस, दोन्ही त्याच मापानं मोठे झालेले. रिंग फिरवून हे साधत नाही. त्यामुळे सुरुवातीला एकदा स्टीलच्या पट्टीचा फोटो त्याच जुळणीनं काढून ठेवला की एक मिलिमीटर म्हणजे चित्रावर किती, हे सगळ्या संचाला लागू होतं. मग संगणकावर एक मिलिमीटर बाजूचा चौकोन आखायचा, एकेक फोटो पुढे सरकवायचा आणि त्या चौकोनात मुळाशी स्पष्ट झालेला प्रत्येक केस एकदाच मोजायचा. अंड्याची जाडीही अशीच निघते: त्याच्या बाजूचं पान ज्या खुणेवर स्पष्ट, ती वजा अंड्याचा माथा ज्या खुणेवर स्पष्ट, ती. चकतीवरच्या खुणा गुणिले ०.०५. फोटो काढता काढता माप हाती येतं.

सोलापुरात रब्बी ज्वारीसाठी काम करणारं केंद्र आहे, विद्यापीठांच्या प्रयोगशाळा आहेत. तिथल्या सूक्ष्मदर्शकांशी या जुळणीची तुलना करण्यात अर्थ नाही. पण त्या सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्याशा वाडीतल्या म्हातारीच्या डब्यातलं बियाणं जाणार नाही. ती चाळीस वर्षं तेच बियाणं राखून आहे, आणि तिच्यानंतर ते राखणारं कोणी असेलच, असं नाही.

गेल्या हंगामात तीन घरांचं मालदांडी बियाणं आम्ही शेजारी शेजारी ओळींत लावलं. रोपं तीन आठवड्यांची झाल्यावर पानांचे तुकडे घेतले. एकाच घराच्या ओळीत शेजारच्या दोन रोपांच्या पाठी सारख्या नव्हत्या: एकीवर केस दाट, दुसरीवर तुरळक. ज्यांच्या पाठी दाट आणि पोंगाही शाबूत, अशा रोपांना लाल दोरा बांधला. ज्वारी बहुतेक स्वपरागी असली तरी वाऱ्यानं थोडा परका पराग येतोच, म्हणून कणसं फुलोऱ्यात येण्याआधी त्यांवर कागदी पिशव्या चढवल्या. त्या पिशव्या पाहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं काहीतरी शेरा मारलाच.

ती कणसं आता कापडी पुरचुंड्यांत आहेत, प्रत्येकीवर रोपाचा क्रमांक आणि चौकोनातल्या केसांचा आकडा. काढणीला आलेल्या एका काकूंनी त्यांतलं एक हातात घेऊन म्हटलं, ‘हे तर बारीक हाय, हे कशाला ठेवलंस?’ खरंच ते बारीक आहे; कणीस बघून निवडलं असतं तर त्याची भाकरी झाली असती. यंदा वाफसा आला की त्याच्या दाण्यांची एक ओळ वेगळी टोकायची आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा काचपट्टी, टेप आणि वीस खुणांची चकती.