डोंगरउताराची जमीन आणि रोख पैसा



मुंबई-पुण्यांत राहणाऱ्या पुष्कळशा कुटुंबांच्या कपाटांत सातबाराचा एक जुना उतारा घडी घालून ठेवलेला असतो. त्यावर आजोबांचें नांव, त्याखालीं काकामंडळींचीं व त्यांच्या मुलांचीं नांवें, क्षेत्र तीनचार एकर आणि पिकाच्या रकान्यांत 'गवत' किंवा 'पडीक' असा शेरा. ही जमीन आहे तरी कोठें असें विचारलें तर वडील मंडळी हात उंच करून 'ती तिकडे, वर' एवढेंच सांगतात. अशा जमिनीला अचानक गिऱ्हाईक येतें आणि 'मधें कोणी नको, सगळे पैसे रोख देतों' असें म्हणूं लागतें, तेव्हां काय करावें, हा प्रश्न मला इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं त्याविषयीं आज चार शब्द बोलावेसे वाटतात. मी वकील नव्हे. गणित व भूगोल शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु आमच्या घरचाही असा एक उतार होता.

तो रायगड जिल्ह्यांत, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशीं. अशा जमिनीस आमच्याकडे 'वरकस' म्हणतात. खालीं खाचरांत भात आणि वर वरकस, अशी जुनी जोडी. भाताचें रोप करण्यापूर्वीं जागा भाजावी लागते, तिला राब म्हणतात. त्या राबासाठीं लागणारा पाला, काटक्या व गवत हें सर्व वरकसांतून यावयाचें. गुरें तेथेंच चरावयाचीं. दोनतीन वर्षें नाचणी-वरी काढावयाची आणि मग कांहीं वर्षें जमीन विसाव्याला सोडावयाची. घरचीं माणसें मुंबईस गेलीं, गुरें विकलीं गेलीं, भातशेती दुसऱ्याच्या हातीं गेली, आणि वरकसाला करण्यासारखें कामच उरलें नाहीं. म्हणून ज्याच्याजवळ अजून चार गुरें व दोन खाचरें आहेत त्याला ती आजही हवी असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आतां तिला भाव कां येत नाहीं तें पाहूं. पहिलें कारण वाट. सभोंवार दुसऱ्यांचीं शेतें असतां मोटार वर न्यावयाची कोठून? शेतीसाठीं बांधावरून वहिवाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. पण नांगर नेण्याची वाट वेगळी आणि बंगल्याची सडक वेगळी. दुसरें कारण पाणी. तिसरें कारण उतार, आणि याविषयीं मला जरा विस्तारानें सांगूं द्या, कारण येथें भूमितीचा संबंध येतो.

राज्याच्या बहुतांश भागास लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलींत १:५ हून तीव्र डोंगरउतारावर बांधकाम होऊं देत नाहींत. पांच फूट आडवें गेल्यावर एक फूट चढ, म्हणजे सुमारें सवाअकरा अंशांचा कोन. डोळ्यांना हा चढ कांहींच वाटत नाहीं. अनेकांचा अंदाज तेथेंच चुकतो. तो मोजण्यास यंत्र लागत नाहीं. गवंडी पातळी पाहण्यास वापरतात ती पारदर्शक नळी पाणी भरून घ्यावी. तिचें एक टोंक वर असें धरावें कीं आंतील पाणी जमिनीशीं समपातळींत येईल. तेथून आडव्या अंतरानें पंधरा फूट खालीं एक काठी उभी करून दुसरें टोंक तिला लावावें. काठीजवळ पाणी जमिनीपासून तीन फुटांहून अधिक उंच दिसलें कीं समजावें, चढ १:५ च्या पलीकडे गेला. सातबारावरील क्षेत्र हें नेहमीं सपाट, नकाशावरचें असतें; उतारावरून चालतांना जी जमीन पायांखालीं येते ती त्याहून अधिक. १:५ च्या चढावर हा फरक शेंकडा दोनच भरतो, पण पंचेचाळीस अंशांच्या कड्यावर तीच जमीन १.४ पट होते. पैसे मात्र नकाशावरच्या क्षेत्राचेच मिळावयाचे!

शिवाय सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्याकडे नीट पाहावें. तेथें कोठें कोठें खासगी वनाचा शेरा असतो. १९७५ च्या कायद्यानें राज्यांतील खासगी वनें सरकारकडे आलीं, आणि त्यांतील वाद कित्येक वर्षें न्यायालयांत चालले. महाबळेश्वर-पांचगणीचा भाग २००१ सालीं व माथेरानचा २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. तेथील बंधनें आणखी कडक आहेत. क्षेत्रांत पोटखराबा किती, भोगवटा वर्ग एक कीं दोन, हेंही त्याच कागदावर कळतें. वर्ग दोनची जमीन विकण्यास सरकारी परवानगी लागते. आणि घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें त्याला शेतजमीन परवानगीवांचून घेतां येत नाहीं. 'कागद मागाहून होतील' असें म्हणणारा मनुष्य बहुधा या एका ओळीपाशींच अडलेला असतो.

आतां 'रोख' या शब्दाविषयीं. बँका अशा जमिनीवर सहसा कर्ज देत नाहींत. त्यामुळें घेणाऱ्याजवळ स्वतःची रक्कम तयार असावी लागते. ती एकदम व पूर्ण देणें, हा 'रोखीचा व्यवहार' याचा सरळ अर्थ, आणि तो चांगलाच आहे. दुसरा अर्थ पिशवींतील नोटांचा. स्थावराच्या व्यवहारांत २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांनीं घेण्यास आयकराच्या कायद्यानें २०१५ पासून मनाई आहे, आणि घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे जमीन विकणाऱ्यावर बसतो. गंमत अशी कीं शहराच्या हद्दीपासून ठराविक अंतरापलीकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर मुळींच नाहीं. मग खरेदीखतांत निम्मी रक्कम लिहून विकणाऱ्याचें काय वांचतें? वांचतें तें घेणाऱ्याचें. आणि पुढें त्या गांवांत सरकारनें रस्त्यासाठीं जमिनी घेतल्या, तर मोबदला ठरवितांना आसपासचीं नोंदलेलीं खरेदीखतेंच पाहिलीं जातात. आपण खोटा कमी आंकडा लिहिला तर त्याची झळ शेजाऱ्यांना लागते.

आमच्याकडे २०२२ सालीं एक गृहस्थ आले. आदल्या वर्षीं, २२ जुलै २०२१ रोजीं, महाड तालुक्यांत तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं होतीं, आणि आमच्या उताराच्या खालींही एक वाडी आहे. हे गृहस्थ वर सपाटी करून घरें बांधण्याची भाषा बोलत होते. भाव मात्र चांगला सांगत. माझ्या वडील बंधूंनीं साध्या कागदावर सही देऊन पन्नास हजारांच्या नोटा इसार म्हणून घेतल्या. त्या गृहस्थांच्या अटी दोन : खरेदीखत निम्म्या रकमेचें, आणि आधीं कुलमुखत्यारपत्र.

मीं विचारलें, "दादा, आत्याला विचारलें का?"

"आत्याचें नांव उताऱ्यावर आहेच कोठें?" दादा म्हणाला.

नव्हतेंच. आजोबा १९६४ सालीं वारले. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यान्वयें मुलीसही वारसा मिळत होता, परंतु वारसनोंदीच्या वेळीं तिचें नांव कोणी सांगितलेंच नाहीं. मीं डोंबिवलीस जाऊन तिला सारें सांगितलें. ती चौऱ्यांशीं वर्षांची. ती म्हणाली, "मला पैसे नकोत रे. पण माझ्या बापाची जमीन विकतांना मला विचारायला नको?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें, कारण तोपर्यंत साठ वर्षांत तें मलाही सुचलें नव्हतें.

इसार आम्हीं बँकेमार्फत परत पाठविला. दादाच्या सहीचा कागद हातीं यावयास मात्र आठ महिने लागले. त्या काळांत दोन कामें उरकलीं. वारसनोंदीस आत्याचें नांव लावून घेतलें, आणि भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवून हद्दीचा नकाशा, ज्याला 'क प्रत' म्हणतात, तो घेतला. मग मीं जाहिरात न देतां सरळ लगतच्या चार खातेदारांना विचारलें. शेजाऱ्याला वाटेची अडचण नसते; त्याची वाट त्याच्या स्वतःच्याच शेतांतून असते. मघाशीं सांगितलेला दोन खाचरांचा व चार गुरांचा मनुष्य तो हाच. त्यानें जो भाव दिला तो त्या गृहस्थांच्या बोलण्याच्या दोनतृतीयांश होता. दादा अजूनही तें बोलून दाखवितो, आणि त्याचें म्हणणें अगदींच चूक आहे असें मला म्हणवत नाहीं.

सर्व रक्कम एका धनाकर्षानें, दुय्यम निबंधकासमोर, सह्या होतांना मिळाली. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याचें प्रमाणन, इतकें झाल्यावर आमचीं नांवें उताऱ्यावरून गेलीं. तोंवर खरेदीखताची प्रत जपून ठेवावी. मूळ कागद देतांना पोंच घ्यावी.

आत्यानें एकच अट घातली होती. खालच्या वाडींतल्या बायका आमच्या उतारावरच्या झऱ्यावर पाण्यास येत, ती पाऊलवाट बंद होऊं नये. आमच्या वकिलांना हें कलम विचित्र वाटलें. शेजाऱ्याला मुळींच वाटलें नाहीं, कारण त्याची बायकोही त्याच झऱ्याचें पाणी भरीत असे. तेव्हां तीन फूट रुंदीची ती वाट खरेदीखताच्या चौथ्या कलमांत, चतुःसीमेच्या खालींच, लिहिली गेली, आणि त्या पानावर आत्यानें चष्मा पुसून, आपलें माहेरचें नांव घालून सही केली.