आजीचा आवाज जपताना : ध्वनिमुद्रणाचे प्राथमिक धडे

१९०१ साली बालवयातील भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांच्या भेटीसाठी साताऱ्याकडून मसूरला आगगाडीने गेले. ती गाडी आपल्या रहिमतपूरवरूनच पुढे गेली. मसूर स्थानकावर त्या मुलांच्या वाट्याला आलेला अपमान आज जगाला ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी तो पुढे स्वतः लिहून ठेवला. परंतु ज्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही, त्या आपल्या आजी-पणजींचा इतिहास केवळ त्यांच्या कंठात उरला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे विशीत होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. असे काम लहान प्रमाणात आपल्या घरीही करता येते, आणि त्यासाठी खिशातला मोबाईल पुरेसा आहे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप. मायक्रोफोन त्याचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करतो आणि यंत्र त्या संकेताचे मोजमाप सेकंदाला सामान्यतः ४४,१०० वेळा करून आकडे साठवते. हे आकडे पूर्ण ठेवणारी फाईल 'वेव्ह' प्रकारची. एका तासाला एकपदरी मुद्रणात ती सुमारे ३०० एमबी जागा घेते. 'एमपीथ्री'मध्ये जागा वाचते, पण काही तपशील कायमचा गळतो. म्हणून मूळ मुद्रण शक्यतो 'वेव्ह'मध्येच करावे.

मुद्रणापूर्वी बोलणाऱ्याची संमती घ्यावी. पंखा व टीव्ही बंद करावा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकावा आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला, घडी घातलेल्या कापडावर ठेवावा. आवाजाची पट्टी लाल रेषेला टेकू देऊ नये; फाटलेला आवाज नंतर नीट सुधारत नाही. प्रारंभी दहा सेकंद खोलीतील शांतताही मुद्रित करावी. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला तिच्यावरून खोलीतील सततची घरघर ओळखता येते व ती कमी करता येते.

हे आम्ही चुकून शिकलो. शेजारच्या गावातील एका वृद्ध मातेची भीमगीते आम्ही चालू पंख्याखाली मुद्रित केली. घरी ऐकले, तर निम्मे शब्द हरवलेले. पुन्हा जाण्याचे ठरविले, तोवर उशीर झाला होता.

संपादन नेहमी प्रतीवर करावे. मूळ फाईलला हात लावू नये. खोकला, दाराचा आवाज कापावा. परंतु बोलता बोलता आजी थांबली, तिचा कंठ दाटला, तर ती शांतता कापू नये. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही सांगतो, तोही पुरावाच आहे. वाक्यांचा क्रम तर मुळीच बदलू नये.

शेवटी फाईलला नाव, गाव व तारीख द्यावी आणि तीन प्रती कराव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत एवढेच करावे : आजीजवळ बसावे, पंखा बंद करावा आणि विचारावे, "आजी, तुझ्या लहानपणी पाणी कुठून आणायचीस गं?"