खिशातील शस्त्र आणि त्याचे काडतूस

स्वसंरक्षणासाठी शस्त्राचा परवाना मिळाला म्हणजे परवानाधारकापुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणत्या बोअरचे शस्त्र घ्यावे? जयपूरच्या विद्याधर नगरातील सराफ असो, पुण्याच्या पेठेतील घाऊक व्यापारी असो किंवा विदर्भातील एखाद्या आडगावी रोख रक्कम नेणारा ठेकेदार असो, प्रश्नाचे स्वरूप एकच असते. शस्त्र दिवसभर अंगावर बाळगता येईल इतके लहान हवे, परंतु प्रसंगी निरुपयोगी ठरेल इतके दुबळे नको. या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. त्यांची सांगड कशी घालायची, हे समजण्यासाठी काडतुसाची रचना, शस्त्राचे वजन आणि देशाचा कायदा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

बोअर म्हणजे काय?

आपल्याकडे ‘बोअर’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. शिकारीच्या बंदुकीला ‘बारा बोअरची’ म्हणतात, तेव्हा तिच्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात बारा होतात, असा अर्थ असतो. म्हणून तेथे आकडा वाढला की नळी अरुंद होते. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत मात्र आकडा नळीचा व्यास इंचाच्या शतांशात सांगतो. ‘बत्तीस बोअर’ म्हणजे सुमारे ०.३२ इंच व्यास. तथापि हे आकडे काटेकोर मापे नसून रूढ नावे आहेत. बत्तीस बोअरच्या गोळीचा खरा व्यास ०.३१२ इंचाच्या आसपास असतो आणि याच वर्गातील पिस्तुलाचे काडतूस युरोपात ७.६५ मिलिमीटर या नावाने ओळखले जाते.

गोळीचा परिणाम केवळ व्यासावर अवलंबून नसतो. गोळीचे वजन आणि वेग या दोहोंवर तिची ऊर्जा ठरते. वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते, परंतु वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. खिशात मावणाऱ्या शस्त्राची नळी मात्र आखूड असते. दारूच्या वायूला गोळी ढकलण्यासाठी मिळणारे अंतर कमी पडते आणि वेग घटतो. म्हणून लांब नळीच्या रायफलीतून मोजलेले आकडे खिशातील पिस्तुलाला लावणे चुकीचे होय.

चार पिढीजात काडतुसे

लहान शस्त्रांची आज प्रचलित असलेली बहुतेक काडतुसे १८८७ ते १९०८ या अवघ्या एकवीस वर्षांत जन्माला आली. त्यांतील सर्वांत जुने .२२ लाँग रायफल हे १८८७ मधील. त्याची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते. ते स्वस्त असते, त्याचा आवाज व धक्का कमी असतो आणि सरावाला ते उत्तम असते. त्याचा दोष त्याच्या रचनेत आहे. या काडतुसाला पेटवणारे स्फोटक द्रव्य तळाच्या कडेत पसरलेले असते. कडेच्या एखाद्या भागात ते नीट पोहोचले नसेल आणि आघात नेमका तेथेच झाला, तर काडतूस उडत नाही. तळाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी असलेल्या काडतुसांत असे क्वचितच घडते.

ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याने विसाव्या शतकाच्या आरंभी .२५ बोअरचे काडतूस तयार केले. बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्याचे बंडीच्या खिशात मावणारे पिस्तूल त्यासाठी बनले. त्याची गोळी सुमारे ३.२ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर. शक्तीच्या दृष्टीने ते .२२ च्या पुढे नाही, किंबहुना थोडे मागेच आहे. परंतु ते अधिक खात्रीने उडते. त्याचे सारे महत्त्व या खात्रीत आहे.

याच ब्राउनिंगने १८९९ मध्ये ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजेच .३२ बोअरचे, पिस्तुलाचे काडतूस आणले होते. त्याची गोळी ४.६ ग्रॅमची व वेग सुमारे २७५ मीटर असून ऊर्जा .२५ च्या जवळजवळ दुप्पट भरते. १९०८ मध्ये त्यानेच .३८० बोअरचे काडतूस सिद्ध केले. त्याची गोळी सुमारे ६.२ ग्रॅमची, वेग २९० मीटरच्या घरात आणि ऊर्जा .३२ च्या सुमारे दीडपट. खिशातील पिस्तुलाची वरची मर्यादा म्हणून पुष्कळ देशांत हेच काडतूस मानले जाते.

या काडतुसांना ‘लहान’ म्हणण्याचा एक धोका आहे. त्यांना खेळण्यातील वस्तू समजण्याची चूक होते. १९१४ च्या जून महिन्यात साराएव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळ्या .३८० बोअरच्याच होत्या. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली, ती याच बोअरच्या बेरेटा पिस्तुलाने. महाराष्ट्राला ब्राउनिंगचे नाव त्याआधीच परिचित झाले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध अनंत कान्हेरे यांनी केला, त्या वेळी वापरलेले पिस्तूल लंडनहून गुप्तपणे आलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. कपड्यांत लपवता येण्याइतके लहान, तरीही प्राण घेण्यास समर्थ असे शस्त्र प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाल्याचे हे परिणाम होत.

बत्तीसची दोन रूपे

भारतात ‘बत्तीस बोअर’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी काडतुसे येतात, आणि नव्या परवानाधारकाचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पहिले वर सांगितलेले पिस्तुलाचे. त्याचे कवच १७ मिलिमीटर लांब असते. दुसरे रिव्हॉल्व्हरचे, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, हे १८९६ मधील. त्याचे कवच सुमारे २३ मिलिमीटर लांब, तळाला स्पष्ट कड आणि गोळी सुमारे ६.४ ग्रॅमची. गोळी जड असली तरी तिचा वेग कमी असल्यामुळे दोहोंची ऊर्जा जवळपास सारखीच भरते. एकाच्या जागी दुसरे वापरणे मात्र धोक्याचे आहे. काडतुसे घेताना केवळ ‘बत्तीसची द्या’ असे म्हणून भागत नाही. पिस्तुलाची की रिव्हॉल्व्हरची, हे स्पष्ट सांगावे लागते.

या काडतुसांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात ती तयार होतात आणि त्यांच्या तळावर ‘के. एफ.’ ही खडकीच्या जुन्या इंग्रजी उच्चाराची आद्याक्षरे उमटवलेली असतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय खडकी येथे, तर शस्त्रांच्या कंपनीचे कानपूर येथे आहे.

कायद्याने आखलेली सीमा

पाश्चात्त्य देशांतील पुस्तके वाचून निवड करू पाहणाऱ्या भारतीय वाचकाने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे निवडीची पहिली कात्री कायदा लावतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी .३८० व .४५५ बोअरची कडेची काडतुसे आणि सैन्याची ९ मिलिमीटरची काडतुसे ज्यांत भरून उडवता येतील अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर सामान्य नागरिकाला निषिद्ध ठरवली. यामागील विचार उघड आहे. पोलीस व सैन्य यांच्या भांडारातून चोरीला गेलेली काडतुसे खाजगी शस्त्रात चालू नयेत, हा तो विचार होय. येथे उल्लेखिलेले .३८० हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचे काडतूस असून ब्राउनिंगच्या .३८० हून ते वेगळे आहे. नावातील आकडा सारखा असला तरी काडतूस तेच असेल असे नाही, याचे हे आणखी एक उदाहरण.

दुसरी कात्री उपलब्धतेची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खाजगी आयात, नेमबाज खेळाडूंचा अपवाद वगळता, जवळजवळ बंद झाली. त्यामुळे .२५ बोअरची वेब्ली अँड स्कॉट किंवा वॉल्थर यांसारखी पिस्तुले बहुधा वारशाने किंवा जुन्या मालातून मिळतात. त्यांची किंमत त्यांच्या गुणांपेक्षा दुर्मिळतेमुळे अधिक असते; सुटे भाग आणि काडतुसे मिळणेही कठीण असते. म्हणून सर्वसामान्य परवानाधारकापुढे प्रत्यक्षात देशी बनावटीचे .३२ पिस्तूल, .३२ रिव्हॉल्व्हर आणि .२२ रिव्हॉल्व्हर एवढेच पर्याय उरतात.

वजन आणि धक्का

हलके शस्त्र बाळगण्यास सोयीचे, पण चालवण्यास अवघड असते. गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे येते आणि ते जितके हलके तितका धक्का अधिक जाणवतो. वेब्लीच्या जुन्या नमुन्यावर आधारलेल्या देशी .३२ रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे ७०० ग्रॅम असते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, त्याचे वजन ५०० ग्रॅम होते आणि त्या वेळची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्यानंतर ‘निडर’ हे .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आले, ते अवघे २५० ग्रॅमचे. इतक्या हलक्या शस्त्रात .३२ चे काडतूस असते, तर नवख्या हाताला ते आवरले नसते. तेथे .२२ ची निवड दुबळेपणाची नसून तर्कसंगत होती.

.२२ च्या काडतुसाचा वर सांगितलेला दोषही रिव्हॉल्व्हरमध्ये बराच सौम्य होतो. एखादे काडतूस उडाले नाही, तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. स्वयंभरणाच्या पिस्तुलात मात्र न उडालेले काडतूस हाताने खेचून बाहेर काढावे लागते, आणि संकटाच्या क्षणी ते सुचत नाही. म्हणून .२२ घ्यावयाचे तर रिव्हॉल्व्हर, आणि चपटेपणासाठी पिस्तूलच हवे असेल तर .३२, असा ढोबळ नियम सांगता येईल.

पोशाख व हवामान यांचाही विचार करावा लागतो. विद्याधर नगर ही १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली वसाहत. तेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सुती सदरा किंवा कुडता यांखाली ७०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर झाकले जात नाही आणि त्याच्या वजनाने कपडा ओढला जातो. चपटे पिस्तूल तेथे सोयीचे ठरते, पण घामाने त्याला गंज चढतो आणि खिशातील सुताची कुसे व वाळवंटी धूळ यंत्रणेत शिरते. कोकणच्या पावसाळ्यात धुळीची जागा दमट हवा घेते. रिव्हॉल्व्हर जाड असले तरी अशी हेळसांड काही अंशी सहन करते. पिस्तूल तितके सहनशील नसते. शस्त्र मोकळ्या खिशात कधीच ठेवू नये. चाप पूर्णपणे झाकणारे म्यान असल्याशिवाय ते अंगावर बाळगणे म्हणजे स्वतःलाच इजा करून घेण्याची तयारी होय.

शक्तीपलीकडचे प्रश्न

भारतात लपवून बाळगण्याचा असा वेगळा परवाना नाही. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी जो परवाना देतात, त्यातच क्षेत्र, शस्त्र व काडतुसांची संख्या नमूद असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. लग्नसमारंभात आनंदाच्या भरात गोळी झाडून इतरांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेशही येऊ शकतो.

स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितलेला आहे. तो अमर्याद नाही. संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा क्षम्य ठरते, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा माणूस, त्याचे शस्त्र कोणत्याही बोअरचे असो, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

शिवाय नेम चुकलेली गोळी कोठे तरी जातेच. सर्वांत दुबळे समजले जाणारे .२२ देखील मोकळ्या मैदानात दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. बाजारपेठेत अथवा पातळ भिंतींच्या घरात तिच्या वाटेत एखादे मूल असू शकते. म्हणून, थोडी अधिक शक्ती मिळवण्यापेक्षा पहिली गोळी नेमकी जावी याला अधिक मोल आहे. नेम हा सरावाने येतो, आणि सराव तेव्हाच होतो जेव्हा काडतुसे परवडतात आणि धक्का हाताला सोसतो.

म्हणून निवडीचा क्रम असा लावणे योग्य ठरते. प्रथम शस्त्र खरोखर आवश्यक आहे काय, ते घरात मुलांपासून सुरक्षित ठेवता येईल काय, हे ठरवावे. नंतर हाताची ताकद व पोशाख पाहून वजन ठरवावे. त्या वजनात जे सर्वांत मोठे काडतूस न बिचकता, पुन्हा पुन्हा, नेमके चालवता येते, ते आपले. बहुतेक निरोगी प्रौढांसाठी ते .३२ असेल. मनगट अशक्त असेल किंवा वय झाले असेल, तर .२२ चे रिव्हॉल्व्हर घेण्यात कमीपणा नाही. जुने .२५ चे पिस्तूल वारशाने आले असेल तर जाणकाराकडून तपासून घ्यावे, त्याच्या नळीत काडतूस भरून फिरू नये आणि काडतुसे मिळतील याची खात्री झाल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. ज्याला वर्षातून एकदाही सरावासाठी जाणे जमणार नाही, त्याने मात्र बोअरचा विचार करण्याऐवजी दुकानाला चांगले कुलूप, घराला भक्कम दार आणि रोकड नेताना सोबतीला दुसरा माणूस यांचा विचार करावा.