‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पुराचे गणित

बेंगळुरूमधील कोरमंगला परिसरात सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत रस्ते जलमय झाले होते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर येऊन गेला, म्हणजे पुढील ९९ वर्षे निर्धोक, असा समज चुकीचा आहे. अशा पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का असते.

द्विपद वितरणानुसार, सलग ३० वर्षे तो न येण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के ठरते. त्यामुळे ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के आहे.

या गणितात प्रत्येक वर्ष स्वतंत्र आणि शक्यता स्थिर मानली जाते. तलाव बुजल्याने वा काँक्रिटीकरणामुळे वार्षिक शक्यता २ टक्के झाल्यास, हाच धोका सुमारे ४५ टक्क्यांवर पोहोचतो. सखल भागात तळमजल्याचे घर घेणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.